खिजगणती

ब्राउनश्वाइग, नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
ओकर नदीकडची खिडकी माझ्या टेबलाला,
आणि टेबलावर मोजायला दिलेली पन्नास वर्षं:
कोणी कोणाचा संदर्भ दिला, किती वेळा,
कुठल्या साली कुठला विषय वर आला.
आधी पंखांची थरथर, मग कार्बनचे धागे,
मग ड्रोन, ड्रोन, ड्रोन,
आता प्रत्येक शीर्षकात शिकणारं यंत्र.
आलेख काढला की टेकडी दिसते
आणि सगळे एकाच पाऊलवाटेनं चढलेले.

मला विमानातलं काही कळत नाही.
मी वीबके हार्म्स, ग्रंथपाल. मला तळटिपा कळतात.
हा आपल्या गुरूला दरवेळी पहिला मान देतो.
ही आधीच्या नवऱ्याचं नाव टाळते,
सूत्र मात्र त्याचंच वापरते.
सहाजण गोल बसून
एकमेकांच्या ताटात वाढतात
आणि माझ्या तक्त्यात
सहाही घरं सुखवस्तू दिसतात.

यादीच्या पार तळाशी,
क्रमांक चार हजार एकशे सात:
एकार्ट ड्योलिंग, १९७९,
शेपटीच्या आडव्या पंखावरील खरबरीत बर्फ.
अठ्ठावीस पानं, एक घडीचा आलेख.
संदर्भ: शून्य.

शून्याची मला सवय आहे, निम्मी यादी तीच.
पण तळघरातून प्रत काढली तर आलेखच नाही.
कोणीतरी ब्लेडनं, शिवणीलगत,
फार काळजीनं कापून नेलेला.
कार्डावर एकच नोंद, फेब्रुवारी ८४,
उसनी पाठवली: उत्तर नॉर्वे,
एका धावपट्टीचं नाव,
वाचताना जीभ अडखळते असं.

मी पत्र लिहिलं. रागाचंच होतं.

उत्तर आलं तुरिड मिक्केल्स्तादकडून,
हँगरची मेकॅनिक, यंदाच निवृत्त.
'पान माझ्या आधीच्या माणसानं कापलं. लाज वाटते.
ते दारावर आहे, प्लास्टिकखाली.
जर्मन इथं कोणाला येत नाही,
पण रेघ कुठं वळते ते दिसतं.
एवढा बर्फ असला, की फ्लॅप पूर्ण सोडायचे नाहीत,
नाहीतर उतरताना नाक एकदम खाली जातं.
एकेचाळीस हिवाळे आम्ही
आधी शेपटी खरवडतो, मग कॉफी.
लिहिण्यासारखं काही घडलं नाही.'

सोबत दाराचा फोटो.
तेलकट बोटांचे ठसे, एकावर एक,
रेघ वळते तिथं प्लास्टिक काळं पडलेलं.

लिहिण्यासारखं घडलं असतं
तर चौकशी बसली असती,
चौकशीचा अहवाल, अहवालावर निबंध,
निबंधांवर लिस्बनला परिषद,
आणि हा खिजगणतीत नसलेला माणूस
वर्षभरात पहिल्या पानावर गेला असता.
न पडलेलं विमान
कुठल्या रकान्यात भरायचं
हे मला शिकवलेलं नाही.

ड्योलिंगची मुलगी गावातच असते,
चष्म्याचं दुकान आहे.
'बाबा म्हणायचे, तीन वर्षं फुकट गेली,'
म्हणत तिनं फोटो दिव्याखाली धरला,
भिंग लावलं, बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'हा अंगठा आहे.'
आणि थोड्या वेळानं,
'हा दुसऱ्या कोणाचातरी.'
गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं.

शुक्रवारी मी अहवाल दिला.
चार हजार एकशे सात: शून्य.
नियमानं बरोबर आहे.
साहेबांनी फक्त टेकडीबद्दल विचारलं,
आणखी किती वर जाईल.

कापलेल्या पानाच्या जागी
तो फोटो घालून ठेवलाय.
पानापेक्षा जरा मोठा आहे.
पुस्तक मिटलं
तरी कड बाहेर राहते.